दुसऱ्याच्या लिहिण्याची माफी

गोरक्ष मुंगसे भित्रा होता, आणि हे म्हाळुंग्यात कुणापासून लपलेलं नव्हतं. लहानपणी ओढ्याच्या डोहात पोरं उड्या मारायची तेव्हा हा काठावर सगळ्यांचे कपडे राखत बसायचा. पुढं एमआयडीसीत जमिनी गेल्या, गावातली माणसं रस्त्यावर बसली, तेव्हा गोरक्षही गेला होता. पण शेवटच्या रांगेत, पळायचं झालं तर वाट मोकळी राहील असा. लग्न झालं, मुलगी झाली, तर तिला तीन महिने त्यानं उचलून घेतलं नाही. "हातातनं निसटली तर?" म्हणायचा. बायको रुपाली आधी हसली, मग चिडली, मग तिनं एक दिवस पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली आणि सरळ पाण्याला निघून गेली.

पण हीच भीती त्याला कारखान्यात उपयोगी पडली. पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो पंधरा वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता आणि त्या पंधरा वर्षांत त्याची गाडी कुणाच्या बुटालाही घासली नव्हती. वळण आलं की हॉर्न, दार आलं की हॉर्न. दुसरे ड्रायव्हर विचारायचे, "गोरक्षभाऊ, समोर भिंत हाय. भिंत काय बाजूला सरकणारे का?" तो म्हणायचा, "भिंतीमागं माणूस असतंय, राव."

राहिलेल्या अर्ध्या एकरात त्यानं घर बांधलं होतं आणि घरामागं दहा खोल्या. त्यात लातूर-नांदेडकडची कंपनीत कामाला आलेली कुटुंबं भाड्यानं राहायची. रस्त्याकडेच्या भिंतीवर पाटी होती : 'खोल्या भाड्याने मिळतील. गोरक्ष मुंगसे.' खाली मोबाइल नंबर. एका भाडेकरूनं हौसेनं घराचा फोटो, नंबर आणि नकाशावरची जागा सगळं नेटवरही टाकून दिलं होतं. त्यामुळं कधी कुणा परगावच्या माणसाचा फोन यायचा, एवढंच.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत असाच फोन आला.

"गोरक्ष मुंगसे का?"

"हां, बोला. खोली बगायची का?"

"खोली नाही. तुला बघायचंय."

गोरक्षला वाटलं कुणीतरी ओळखीचं चेष्टा करतंय. तो हसला. पलीकडचा माणूस हसला नाही. त्यानं आईवरून एक शिवी दिली आणि म्हणाला, "अंबरवीरबद्दल लिहितोस काय? हात तोडून ठेवीन." फोन कट झाला. घास तोंडात तसाच राहिला. अंबरवीर नावाचा काहीतरी मोठा पिक्चर आलाय, त्यात कुणी उडणारा माणूस आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. कारण सृष्टी, त्याची नववीतली मुलगी, पिक्चरला न्या म्हणून पंधरा दिवस त्याच्यामागं लागली होती. लिहिण्याचं म्हणाल तर त्यानं शेवटचं लिहिलं होतं ते रजेचा अर्ज.

सुट्टी संपेपर्यंत अकरा फोन आले. साडेतीनला शिफ्ट सुटली तेव्हा चाळीस झाले होते, निम्मे हिंदीतून.

घरी आल्यावर सृष्टीनं त्याचा फोन हातात घेतला, स्वतःच्या फोनमध्ये काहीबाही शोधलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, एका वेबसाइटवर पिक्चरचं परीक्षण आलंय. लिहिणाऱ्याचं नाव गोरक्ष मुंगसे."

"परीक्षण म्हंजी?"

"पिक्चर कसा आहे ते लिहितात ना, तसं. यानं खूप वाईट लिहिलंय. लोकांनी नाव शोधलं, तर आपल्या खोल्यांची जाहिरात सापडली. तुमचा नंबर सगळ्या ग्रुपवर फिरतोय."

तिनं त्याला ते वाचून दाखवलं. मथळा होता : 'उडणाऱ्याला जमीन दिसत नाही'. शेवटी शेवटी लिहिलं होतं की पिक्चरमध्ये अर्धं शहर कोसळतं, धुरळा खाली बसतो, आणि त्या धुरळ्याखाली कोण राहिलं हे नायक एकदाही वाकून बघत नाही. टाळ्या पिटणाऱ्यांनाही ती माणसं दिसत नाहीत. खाली हजारो लोकांची भांडणं लागली होती. कुणी म्हणत होतं, अगदी बरोबर, डोकं उठवणारा पिक्चर आहे. कुणी म्हणत होतं, असा पिक्चर आपल्याकडं आजवर झाला नाही आणि ही जळकी माणसं त्याला बुडवायला बसलीत. 'टाळ्या पिटणाऱ्यांना' हे शब्द लोकांना फारच झोंबले होते.

"तू सांग ना त्यास्नी, ह्यो मी न्हवं म्हणून," गोरक्ष म्हणाला.

सृष्टीनं परीक्षणाखाली तसं लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं : 'घाबरला, घाबरला.' पुढं हसणाऱ्या तोंडांची रांग.

शुक्रवारी कुणीतरी त्याला त्याच्याच घराचा फोटो पाठवला. जाहिरातीतला जुना नव्हता, त्याच दिवशी सकाळी काढलेला होता, कारण दोरीवर रुपालीची नवी हिरवी साडी वाळत होती. संध्याकाळी आणखी एक मेसेज आला. त्यात फक्त तीन शब्द होते : 'सृष्टी. नववी ब.'

तो वाचून गोरक्ष अंगणातच खाली बसला. समोरून मालाचे ट्रक जात होते, भाडेकरूंच्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, सगळं रोजच्यासारखं. त्यानं रुपालीला मेसेज दाखवला. तिनं दोरीवरची साडी काढली आणि घराची पुढची खिडकी लावून घेतली.

दोघं पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी तक्रार नीट लिहून घेतली, मेसेजचे फोटो घेतले, म्हणाले, "बाहेरबाहेरचे नंबर आहेत, शोधायला वेळ लागेल. मुलीला दोन दिवस शाळेत एकटं सोडू नका. आणि कुणी दारात आलं तर वाद घालू नका, आधी आम्हाला फोन करा." गोरक्षनं मान डोलावली. वाद घालायचं तर त्याला कधी जमलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला पुन्हा अनोळखी नंबर वाजला. त्यानं तो उचलला नसता; पण आई, तानाबाई, शेजारी बसली होती, ती म्हणाली, "आरं उचल की, कुणाला खोली हवी आसंल." त्यानं कानाला लावला.

"नमस्कार. मी गोरक्ष मुंगसे बोलतोय."

गोरक्षनं फोन कानापासून लांब धरला. ही चेष्टेची नवी तऱ्हा असणार.

"ठेवू नका फोन," आवाज म्हणाला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, दमलेला. "ते परीक्षण मी लिहिलंय. मी दापोडीचा. मशीन शॉपमध्ये होतो, रिटायर होऊन चार वर्षं झाली. तुम्हाला जो त्रास होतोय तो आज सकाळी मला कळला. मला फार वाईट वाटतंय."

तीन दिवस ज्या माणसाचं तो ओझं वाहत होता तो माणूस नमस्कार म्हणत होता.

"काका," तो शेवटी म्हणाला, "आसलं कशाला लिवायचं वो? पिक्चरच तर हाय."

"पिक्चरच आहे ना? मग चांगला म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, तशी वाईट म्हणायलाही लागू नये." मग आवाज खाली आला. "ते जाऊ द्या. पेन आहे का? माझा पत्ता लिहून घ्या. परत कुणी फोन केला, दारात आलं, तर हा पत्ता द्या. माझं मी बघतो."

गोरक्षनं पत्ता लिहून घेतला. कंपनीच्या जुन्या गेटपासच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात, रेल्वे लाइनच्या कडेची गल्ली, घर नंबर, सगळं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. आणि खरं सांगायचं तर त्याला तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. आता दार ठोठावलं तर दाखवायला दुसरं दार होतं.

रुपालीला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "देवच पावला. आता कुणी आलं तर पयलं त्यो कागद फुडं करा."

तरी त्याच्या डोक्यात आलं, उद्या कुणी विचारलं की पिक्चर बघितलास का, तर काय सांगायचं? न बघता आवडला म्हटलं तर पकडतील. सृष्टीचाही हट्ट होताच. शनिवारी त्याला सुट्टी होती. दुपारच्या खेळाला बापलेक बसनं चिंचवडला गेले. गोरक्षनं नाकातोंडाला मास्क बांधला होता आणि टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.

थिएटर गच्च भरलं होतं. अंबरवीर पहिल्यांदा ढगातून खाली आला तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहिले, शिट्ट्या, कागदाचे कपटे, मोबाइलचे दिवे. त्या आवाजात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "त्या मुंगस्याला आणून बसवा रे इथं!" सगळी रांग हसली. गोरक्ष खुर्चीत इतका खाली सरकला की पुढच्याच्या डोक्याशिवाय त्याला काही दिसेना. सृष्टीनं त्याचा हात धरला. तिचाही हात गार पडला होता.

मध्यंतरात तो मुतारीच्या रांगेत उभा होता. पुढचे दोघं, गळ्यात आयटी कंपनीचे पट्टे असलेले, एकमेकांशी बोलत होते. "काय बोअर आहे यार. कान फुटले." "हळू बोल," दुसरा म्हणाला आणि त्यानं मागं वळून गोरक्षकडं बघितलं, भीतीनं. आपल्याकडं बघून कुणी भ्यालं, हे गोरक्षच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याला त्याची मजा वाटली नाही.

मध्यंतरानंतर मात्र एक गोष्ट झाली. पिक्चरमध्ये त्या अंबरवीराचे हात लोखंडाचे होतात. तो पूल उचलतो, विमान अडवतो, पण घरी येतो तेव्हा आईला हात लावत नाही. दारातच उभा राहतो, हात पाठीमागं लपवून. त्याला भीती असते की आपण धरलं तर ती मोडेल. आई येते, त्याचा हात ओढून काढते आणि स्वतःच्या गालावर ठेवते. थिएटरमध्ये त्या वेळी शिट्टी नव्हती. गोरक्षनं एवढा मोठा, आभाळात उडणारा गडी बघितला आणि तो भ्यालेला होता; आपल्यासारखाच, स्वतःच्या हातांना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मास्क ओला झाला. शेजारी ती पोरगी बसली होती जिला त्यानं तीन महिने उचललं नव्हतं, आणि ती त्याच्याकडं आ वासून बघत होती.

पुढं शहर कोसळलं, धुरळा उडाला. खाली माणसं राहिली की नाही हे गोरक्षनं बघितलंच नाही. तो त्या हातांचाच विचार करत होता.

"आवडला?" बाहेर आल्यावर सृष्टीनं विचारलं.

"लई," तो म्हणाला. आणि मग आजूबाजूला बघून लगेच चालायला लागला.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तीन मोटरसायकली अंगणात शिरल्या. पाच जण उतरले. सगळ्यांच्या काळ्या टी-शर्टवर लोखंडी हाताचं चित्र. एकानं उतरल्या उतरल्या भिंतीवरच्या पाटीवर लाथ मारली, पाटी एका खिळ्यावर लटकली. भाडेकरूंच्या खोल्यांची दारं एकामागून एक लागली.

गोरक्ष ओट्यावर आला. रुपाली चौकीला फोन लावायला आत पळाली. तानाबाई उंबऱ्यात बसली होती ती तिथंच राहिली, आणि सृष्टी तिच्यामागं.

पुढं आलेला पोरगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, नीट विंचरलेल्या केसांचा. बाकीचे त्याला सुजितभाऊ म्हणत होते. तो ओरडला नाही. उलट अदबीनं म्हणाला, "काका, आम्ही मारामारी करायला आलो नाही. सात वेळा पिक्चर बघितलाय आम्ही. मी कंत्राटी कामगार आहे, आठ महिन्यांत एक रजा मिळाली ती मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला घातली. आणि तुम्ही लिहिता, टाळ्या पिटणाऱ्यांना माणसं दिसत नाहीत. आम्ही माणसं नाही का?"

"भाऊ, त्ये मी लिवलं न्हाई," गोरक्ष म्हणाला. आवाज फाटला. "मला लिवता कुठं येतंय आसलं? नाव सारखं हाय, एवढंच."

"मग कुणी लिहिलं?"

गोरक्षनं नजर चुकवली.

"म्हणजे माहीत आहे," मागचा एक दाढीवाला पुढं सरकला. त्याच्या हातात मोटरसायकलची साखळी होती, कुलूप लावलेली. "पत्ता सांग. पत्ता दिला की आम्ही निघालो."

कागद खिशातच होता. शर्टाच्या कापडातून त्याची कड छातीला टोचत होती. रुपाली दारात परत आली होती आणि डोळ्यांनी सांगत होती, द्या, देऊन टाका. गोरक्षचा हात खिशापर्यंत गेलाही. मग त्याची नजर त्या साखळीवर गेली. तो दमलेला आवाज त्याला आठवला, नमस्कार म्हणणारा. चार वर्षांपूर्वी रिटायर झालेला माणूस म्हणजे बासष्ट वर्षांचा. ही साखळी दापोडीच्या गल्लीत जाईल. तिथं दार कोण उघडेल? ते काका, नाहीतर त्यांची बायको.

त्यानं हात खाली घेतला. त्याला शूर वाटलं नाही.

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला.

"मग तूच."

गोरक्षनं ओठांवरून जीभ फिरवली. "बरं. मीच."

दाढीवाल्यानं साखळी ओट्यावर आपटली. फरशीचा टवका उडाला. आणि तेव्हा सृष्टी आजीच्या मागून किंचाळली, "पप्पा काल रडले पिक्चरमध्ये! मी बघितलंय! त्यांना आवडलाय!"

सगळे थबकले. सुजितनं गोरक्षकडं निरखून बघितलं.

"कुठं रडलात?"

"त्यो... हात मागं लपवतोय ना दारात. आई हात गालावर ठेवती. तिथं."

सुजितच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हललं. तो हळूच म्हणाला, "मी पण. सातही वेळा." आणि लगेच गोंधळून, "मग असं का लिहिलंत हो काका?"

खरं सांगितलं असतं तर बोलणं परत पत्त्यावर आलं असतं. तो मान खाली घालून उभा राहिला. सुजितला बहुधा तिथूनच परत जायचं होतं. पण मागचे चौघं फोन काढून उभे होते, आणि त्यांच्यापुढं त्याला तसं जाता येईना. म्हणाला, "माफी मागा. व्हिडिओ काढतो. म्हणा, मी गोरक्ष मुंगसे, अंबरवीर चांगला पिक्चर आहे, मी चुकलो."

गोरक्ष म्हणाला. पहिल्यांदा आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदा 'चुकलो' म्हणताना हुंदका आला. तिसऱ्यांदा नीट झालं. अंबरवीर चांगला पिक्चर आहे, हे त्याचं स्वतःचं, मनापासूनचं मत होतं. कालच मुलीला सांगितलं होतं. पण त्या तीन वेळांत ते वाक्य त्याच्या तोंडात मातीसारखं लागलं.

ते गेले. जाताना दाढीवाला सृष्टीकडं बघत म्हणाला, "आता नीट शाळेत जा." पोलिसांची गाडी आली तेव्हा ते जाऊन दहा मिनिटं झाली होती. गोरक्ष न्हाणीत जाऊन ओकला. रुपाली त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रडत होती. "कागद का न्हाई दिला?" एवढंच ती परत परत विचारत होती. तानाबाई म्हणाली, "नगं इचारू. दिला नाय त्ये बरं केलं त्यानं."

सोमवारपर्यंत तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी बघितला. कंपनीत कुणी हसलं, कुणी खांद्यावर हात ठेवला. सुपरवायझरनं विचारलं, "मुंगसे, तू लेखक कधी झालास?" गोरक्षनं त्या दिवशी तीनदा वळणावर गाडी थांबवली, समोर कुणी नसताना.

दुपारी दापोडीहून फोन आला. काकांचा आवाज थरथरत होता, पण रागानं.

"तुम्ही माझ्या लिहिण्याची माफी मागितलीत? कुणी सांगितलं तुम्हाला? मी एक अक्षर मागं घेणार नव्हतो!"

"मग काय कराला पायजे हुतं?" गोरक्ष पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "त्यांच्या हातात साखळी हुती, काका."

पलीकडं एक लोकल गेल्याचा आवाज आला, तो गेला. मग काका म्हणाले, "पत्ता मागितला होता का त्यांनी?"

"व्हय."

"आणि तुम्ही..." त्यांनी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी त्यांनी वेबसाइटवर चार ओळी टाकल्या, स्वतःच्या फोटोसकट : परीक्षण माझं आहे, म्हाळुंग्याच्या गृहस्थांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यांच्याकडून धाकानं वदवून घेतलेली माफी माझी नाही. सृष्टीनं ते वाचून दाखवलं तेव्हा गोरक्षला हलकं वाटायला हवं होतं. पण आता त्याला त्या फोटोतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाची भीती वाटायला लागली, म्हणजे त्याच्यासाठी. आता सगळ्यांना तोंड कळलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी तो दापोडीला गेला. गल्लीत विचारायची वेळ आली नाही. एका दारावर काळं ऑइल फेकलेलं होतं, पुसून पुसून तपकिरी झालेलं. त्यानं कडी वाजवली आणि घाईनं म्हणाला, "मी म्हाळुंग्याचा गोरक्ष." आतून दोन कड्या निघाल्या.

काका फोटोतल्यापेक्षा बारीक होते. त्यांच्या बायकोनं, प्रभावतीबाईंनी, चहा आणला. कप ठेवताना बशी वाजली.

"परवा दोघं आले होते," काका म्हणाले. "ऑइल टाकून पळाले. तेव्हापासून बाहेर गेलो नाही. दूध शेजारी आणून देतात. लिहिताना फार मोठा आव आणतो आपण. मी घाबरलोय, खरं सांगतो."

"मीबी," गोरक्ष म्हणाला. "पर मी पयल्यापासनंच आसा हाय."

काका थोडे हसले. म्हणाले, "तो टी-शर्टवाला, तुमचा व्हिडिओ काढणारा, त्यानं मला मेसेज केला. शिव्या नाहीत. विचारतोय, तुम्हाला तो आईचा सीनही आवडला नाही का?"

"मग? आवडला न्हाई?"

"त्याबद्दल मी लिहिलंच नाही."

"का वो?" गोरक्ष पुढं सरकला. "आख्ख्या पिक्चरात त्येच तर हाय! एवढा मोठा गडी, आन् हात लावाया भेतोय. तुमी निस्तं धुरळ्याचं लिवलं."

"धुरळ्याखाली माणसं होती, गोरक्ष!"

"आसतील! पर त्येच्या हाताचं बी लिवायचं की एक ओळ!"

दोघांचेही आवाज चढले होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. तिघंही जागच्या जागी थिजले. प्रभावतीबाईंनी हातातला कप छातीशी धरला. काका उठले नाहीत. दुसरी थाप पडली.

गोरक्ष उठला. कडीपाशी जाऊन त्यानं विचारलं, "कोण?"

"मी कस्तुरा, वरच्या मजल्यावरची. पाण्याची मोटर चालू राहिलीय तुमच्याकडनं, टाकी वाहतीय."

त्यानं दार उघडलं. बाईंनी आत डोकावून तिघांचे पांढरे पडलेले चेहरे बघितले आणि काय झालं म्हणून विचारलं. प्रभावतीबाई मोटर बंद करायला गेल्या. काका अजून खुर्चीच्या हातांना धरून बसले होते.

"लिहायला हवी होती," ते थोड्या वेळानं म्हणाले. "एक ओळ. त्या पोराला तसं कळवतो आज."

गोरक्षनं गार झालेला चहा पिऊन टाकला. अकराची लोकल पकडायची होती, घरी रुपाली वाट बघत होती आणि पोचेपर्यंत तिचे चार फोन येणार होते. उठताना त्यानं काकांना विचारलं, दूध त्यांच्या गल्लीत किती वाजता येतं. दर रविवारी तो आणून देईल, तेवढीच चक्कर होईल.